रक्ताभिसरणाच्या औषधाला रोजचे किती पडतात?

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आमच्या आत्याचे पाय रात्री बधिर व्हायचे. कुणीतरी सांगितलं, तिने रक्ताभिसरणाच्या कॅप्सूल आणल्या: ९९९ रुपये, ६० नग, रोज २. म्हणजे दिवसाला ३३ रुपये. डबी उलटी करून पाहिली, तर एका कॅप्सूलमध्ये अर्जुनसालीचं ५०० मिलिग्रॅम चूर्ण. अर्क नाही, नुसतं चूर्ण. रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात हेच चूर्ण १०० ग्रॅमला साधारण ६० ते १०० रुपयांना मिळतं. दिवसाला पोटात जाणाऱ्या एका ग्रॅमची किंमत एक रुपयाच्या आत!

म्हणून डबीची किंमत पाहू नका, दिवसाचा खर्च काढा. अर्जुनाचा क्षीरपाक घरी करायचा तर ५ ग्रॅम भरड, आठपट म्हणजे ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी घ्यायचं. मंद आचेवर पाणी आटून दूध उरलं की गाळायचं. दुधासकट ६ ते ८ रुपयांत भागतं. अर्जुनारिष्टाची ४५० मिलीची बाटली दीड-दोनशेच्या आसपास, रोज ३० मिली घेतलं तर १५ दिवस पुरते. पण त्यात गूळ, मनुका, मोहाची फुलं असतात आणि आंबवताना तयार झालेलं अल्कोहोलही. मधुमेह्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय अर्जुन हे परंपरेने हृदयाचं औषध, पायाच्या बधिरपणाचं नव्हे.

अर्क महाग असतो, पण तो अर्क आहे हे लेबलवर दिसलं पाहिजे. गिंको या वनस्पतीचा अर्क असेल तर २४ टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन हे प्रमाण शोधा. हॉर्स चेस्टनटच्या अर्कात एस्सिन हा घटक किती ते पाहा. फुगलेल्या शिरांवरच्या अभ्यासांत दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅम एस्सिन दिलं जातं, आणि त्याने दुखणं-सूज कमी झाल्याचे बऱ्यापैकी पुरावे आहेत. टक्केवारी छापलेली नसेल तर जास्तीचे पैसे कशाचे द्यायचे? परवानाही बघा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते अन्नपूरक आहे, आजार बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही.

त्याआधी दुखणं ओळखून घ्या. कसब्यातून मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय जवळ आहे, रास्ता पेठेत ताराचंद आयुर्वेद रुग्णालय आहे. खासगीपेक्षा तिथे बरंच स्वस्तात दाखवता येतं. आत्याच्या तपासणीत तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली. रक्ताभिसरणाच्या नावाखाली तिने तीन महिने घालवले होते, याचं मला अजून वाईट वाटतं. शिरा फुगल्या असतील तर डॉक्टर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) सांगतात, खासगीत त्याला हजारांत खर्च येतो. पण त्यामुळे भलत्या डब्यांवरचा खर्च वाचतो.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर गिंको किंवा लसणाचा अर्क स्वतःहून सुरू करू नका, रक्तस्राव वाढू शकतो. दात काढायला जातानाही डॉक्टरांना या गोळ्या आणि अर्कांबद्दल सांगा. आणि एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, किंवा पाऊल गार, निळसर पडलं, तर दुकानात जाऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

पक्कं बिल मागा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.