औषधानंतरचा अभ्यास

बार्शी तालुक्यातील वैरागच्या आठवडी बाजारात भाव विचारणे, पैसे देणे आणि उरलेली मोड मोजून घेणे यात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणासही वाटेल. छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या विकारातून सावरणाऱ्या तरुणाला मात्र तेवढेही अनेकदा जमेनासे झालेले असते. औषधांनी भास आणि संशय बहुधा ओसरतात. परंतु अबोलपणा, निरुत्साह व माणसांत मिसळण्याची टाळाटाळ यांवर त्यांचा प्रभाव कमी पडतो. घरच्यांना तो आळस वाटतो, गावाला विक्षिप्तपणा. वास्तविक तोही आजाराचाच भाग असतो आणि हरवलेले व्यवहारकौशल्य पुन्हा शिकवावे लागते.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिबरमन यांनी १९७० नंतरच्या दशकात या शिक्षणाला पद्धतशीर रूप दिले. प्राथमिक शिक्षकांना त्यात अपरिचित असे काही आढळणार नाही. मोठे काम लहान पायऱ्यांत विभागावयाचे. समोरच्याकडे पाहून नमस्कार करणे ही एक पायरी, ऐकू येईल अशा आवाजात वस्तू मागणे ही दुसरी. प्रथम शिकविणाऱ्याने करून दाखवावे. मग घरातील कोणी दुकानदार व्हावे, रुग्णाने गिऱ्हाईक. जे साधले ते आधी सांगावे, एखादीच सुधारणा सुचवावी आणि प्रसंग पुन्हा घ्यावा. हा सराव खोलीपुरता राहिला तर फारसा टिकत नाही. म्हणून खऱ्या दुकानात जाणे हाच स्वाध्याय. तेथे पोरे हसली की रुग्ण पुन्हा घरात बसतो. शिक्षक व पंचायत सदस्य यांचे काम नेमके येथे सुरू होते.

तज्ज्ञांची वाण असलेल्या खेड्यात हे साधेल काय? सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम येथील २८२ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १८७ जणांच्या घरी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते जात. औषधांचे सातत्य, कुटुंबाचे मार्गदर्शन आणि पुनर्वसन यांकडे लक्ष देत. केवळ दवाखान्यातील उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणे व अक्षमता काहीशी अधिक घटली. लाभ माफकच, पण ग्रामीण कांचीपुरममध्ये तो सर्वाधिक दिसला, ही गोष्ट आपल्या तालुक्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ ने अशा व्यक्तींना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. सराव सुरू झाला म्हणून औषध मात्र परस्पर बंद करू नये. सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते.