डिझेल इंजिनातील तेलगळती व इंजेक्टरची झीज : निदान आणि उपाय

अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याचे, शेतीच्या दृष्टीने दोन ठळक भाग पडतात. उत्तरेस प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील बागाईत आहे. दक्षिणेकडील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पाऊस बेभरवशाचा असून शेतकऱ्याची मुख्य भिस्त विहिरीवर असते. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात पुष्कळ विहिरींवर मोटेची जागा डिझेल इंजिनाने घेतली. आज बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आले आहेत. तथापि जेथे वीज पोचत नाही तेथे इंजिन अद्याप लागते, आणि ट्रॅक्टर तर डिझेलवरच चालतो.

इंजिनाखाली तेलाचा डाग दिसू लागला तरी पुष्कळदा तिकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु हिशेब करून पाहावा. सुमारे २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो. दर सेकंदास एक थेंब गळत असेल, तर तासाला १८० मिलिलीटर आणि आठ तासांत जवळजवळ दीड लिटर तेल मातीत जाते. याहून मोठे नुकसान म्हणजे ऐन उन्हाळ्यात इंजिन जाम होऊन उभे पीक वाळणे. म्हणून गळतीचे निदान वेळीच करावे.

प्रथम गळणारा पदार्थ ओळखावा

गळणारे तेल वंगणाचे आहे की डिझेल, हे आधी ठरवावे. वंगण तेल वापरात काळे पडते व दाट असते. डिझेल पातळ असून त्याचा वास उग्र असतो. शंका असल्यास टीपकागदावर एक थेंब टाकावा. डिझेल झपाट्याने पसरून फिकट कडे उमटते. वंगण तेलाचा डाग मध्यभागी गडद राहतो.

उगम शोधण्याची रीत

तेल खाली ओघळते व पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते. त्यामुळे जेथे ते साचलेले दिसते, तेथेच गळती असेल असे नाही. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, सर्व बाजूंनी धुऊन पुसून कोरडे करावे आणि मग दहा मिनिटे चालवून पुन्हा बंद करावे. ओलसरपणा जेथे सर्वांत वर व सर्वांत पुढे दिसेल, तेथे उगम शोधावा.

वंगण तेल बहुधा वरच्या झाकणाचे पॅकिंग, तेलटाकीचे पॅकिंग, तेल काढण्याचा बोल्ट आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑईलसील येथून गळते. एकाच वेळी अनेक ठिकाणी तेल दिसू लागल्यास सील बदलण्याची घाई करू नये. आधी श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, तुंबला आहे काय ते पाहावे. तो तुंबल्यास आतील दाब वाढून तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलले जाते. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून सतत धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. अशा वेळी नवीन सीलही टिकत नाही.

इंजेक्टरच्या तीन गळती

पहिली गळती दाबनळीच्या जोडावर होते. तेथे डिझेल झिरपते. नट बेताने आवळावा. जोर केल्यास नळीचे टोक चिरते.

दुसरी गळती इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरपाशी होते. हा वॉशर झिजला की सिलिंडरमधील दाब बाहेर येतो, फुसफुस आवाज होतो, भोवती काजळी साचते आणि इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही. इंजेक्टरभोवती थोडे तेल टाकून इंजिन फिरविल्यास बुडबुडे येतात. यावर नवीन वॉशर बसविणे हाच उपाय होय. जुना वॉशर खाचेत अडकून राहिलेला नाही याची खात्री करावी, बैठक लाकडी काडी व स्वच्छ कापडाने पुसावी, एकावर एक दोन वॉशर घालू नयेत आणि दोन्ही नट आळीपाळीने सारखे आवळावेत.

तिसरी गळती इंजेक्टरच्या आत असते. नोजल झिजले की परतीच्या नळीतून नेहमीपेक्षा जास्त डिझेल येते, काळा धूर निघतो व ठोका ऐकू येतो. याची तपासणी कार्यशाळेतील दाबयंत्रावरच करून घ्यावी.

बाहेर न दिसणारी गळती

ही सर्वांत घातक होय. टपकणाऱ्या नोजलमधून किंवा झिजलेल्या डिझेल पंपातून डिझेल तेलटाकीत उतरते. इंजिन सपाट जागी असता, बंद केल्यावर दहा मिनिटांनी तेलकाडी पाहावी. तेल न भरताही पातळी वाढलेली असेल व तेलास डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन मुळीच चालवू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करीत नाही; शिवाय पातळी फार वाढल्यास इंजिन स्वतःचेच तेल जाळून बेफाम धावू लागण्याचा धोका असतो. दोष काढून तेल व गाळणी बदलल्यावरच इंजिन सुरू करावे.

सावधगिरी

चालू इंजिनाच्या दाबनळीची गळती बोटाने कधीही चाचपू नये. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली व दुखले नाही, तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तत्काळ रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत शिरल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या ट्रॅक्टरांत दाब फारच मोठा असल्याने त्यांच्या नळ्या शेतकऱ्याने स्वतः सोडू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळी पाणी सुरू होण्यापूर्वी गावातील एका इंजिनावर ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येक शेतकऱ्याने दररोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तेलकाडी पाहावी आणि पातळी वहीत नोंदवावी. पातळी घटली तर बाहेरची गळती वा जळते तेल, आणि वाढली तर आतील गळती, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी बहुतेक दोष खर्च वाढण्यापूर्वीच सापडतील.