गंजलेल्या तोफेची शुश्रूषा

बदलापूरजवळच्या सोनिवलीस राहणाऱ्यांना पावसाचे आणि लोखंडाचे वैर नव्याने सांगावयास नको. पावसाळ्याचे चार महिने अंगणात विसरलेला विळा तांबूस पडतो आणि बोट लावताच त्याची भुकटी हाताला लागते. येथून लोकलने मुंबईकडे निघाले, की थोड्याच वेळात अंबरनाथ लागते. तेथे स्वातंत्र्यानंतर उभारलेली आयुधनिर्माणी आहे. नवी युद्धसामग्री घडविणे ही एक विद्या. जुनी जतन करणे ही अगदी निराळी. या दुसऱ्या विद्येची गरज भासावी असा एक प्रसंग मुंबईत मलबार टेकडीवर घडला.

तेथील राजभवनाच्या टेकडीच्या पायथ्याशी इंग्रजी अमदानीतील दोन तोफा कित्येक वर्षे कोणाच्या खिजगणतीतही नव्हत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या क्रेनच्या साहाय्याने वर आणण्यात आल्या. प्रत्येकीचे वजन २२ टन, म्हणजे चार मोठ्या हत्तींहूनही अधिक! लांबी ४.७ मीटर, आणि सर्वांत जाड भागाचा व्यास १.१५ मीटर. जलविहार नावाच्या दालनापाशी त्या शोभेसाठी मांडावयाच्या असे ठरले. अशी अवजड वस्तू वर चढते तेव्हा पाहणाऱ्यांची गर्दी होते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते पाहावयास सहसा कोणी येत नाही.

अशी तोफ हाती आली, की उत्साही मंडळींना पहिली आठवण होते ती काळ्या रंगाच्या डब्याची. दोन हात फासले, की तोफ नवीकोरी दिसू लागते. परंतु रंगाखाली गंज तसाच राहतो, ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. शिवाय तोफेवर कोरलेली अक्षरे रंगाच्या थरांखाली बुजून जातात. जुन्या इंग्रजी तोफांवर पुष्कळदा राजमुकुटाची खूण असते आणि वजनाचे तीन आकडे असतात. समजा, तोफेवर ५६–१–७ असे लिहिले आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटांचा, म्हणजे ११२ पौंडांच्या मापाचा. दुसरा २८ पौंडांच्या मापाचा. तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब केला तर वजन ६३०७ पौंड भरते. तोफेचा जन्मदाखलाच तो! खरखरीत घासणीने तो पुसून टाकणारा मनुष्य हेतूने कितीही चांगला असला, तरी तोफेचा शत्रूच म्हणावा लागेल.

घासण्याच्याही आधी एक गोष्ट पाहावी लागते. तोफ भरलेली तर नाही? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एक तोफ लोक वर्षानुवर्षे पाहत होते. जानेवारी २०१३ मध्ये तिचा गंज काढताना आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू तशीच ठासलेली आढळली! म्हणून तोफेच्या नळीची आणि बत्ती देण्याच्या कान्याची तपासणी जाणत्या माणसांकडूनच करून घ्यावी लागते. युद्धात शत्रूच्या हाती जाणाऱ्या तोफांच्या कान्यात खिळे ठोकीत असत; तसा खिळा सापडला, तर तोही इतिहासच होय. तो उपटून फेकू नये.

समुद्रकाठच्या तोफेचा खरा रोग म्हणजे मीठ. बहुतेक लोखंडी तोफा बिडाच्या असतात. बीड खाऱ्या पाण्यात राहिले, की त्यातील लोह हळूहळू निघून जाते आणि मागे मऊ कोळशासारखे द्रव्य उरते. आकार तसाच दिसतो, पण सुरीने खरवडता येईल इतके ते ठिसूळ होते. अशी तोफ समुद्रातून काढून उन्हात ठेवली, तर आतले क्षार फुगून तिचे तुकडे पडतात. म्हणून तिला ओलीच ठेवून धुण्याच्या सोड्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवितात आणि मंद वीजप्रवाह सोडतात. ऋण टोक तोफेला, धन टोक भोवतालच्या पोलादी जाळीला. बारीक बुडबुडे निघतात, गंज सैल होतो, क्षार द्रावणात उतरतात. द्रावण पुन:पुन्हा बदलावे लागते. मोठ्या तोफेला महिनेच्या महिने लागतात, कधी वर्षेही. वर्षानुवर्षे शोषलेले मीठ चार दिवसांत कसे निघावे?

पुढे स्वच्छ पाण्याने धुणे आणि काळजीपूर्वक सुकविणे. मग टॅनिक आम्लाचा लेप देतात. कातडी कमावण्यासाठी आपल्याकडे वापरला जाणारा हिरडा ज्या तुरट द्रव्यामुळे उपयोगी पडतो, त्याच जातीचे हे द्रव्य. लोखंडावर त्याचा निळसर काळा थर बसतो. त्यावर मेण. इतके झाल्यावर तोफ काळी दिसते, पण रंगविलेली दिसत नाही.

पंचरसी तोफांना गंजाचे हे दुखणे नाही. १५४९ साली अहमदनगर येथे (आताच्या अहिल्यानगरात) ओतलेली मुलूखमैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर अद्याप डौलाने उभी आहे. तिच्यावर संकट आले ते माणसांचे. १८५४ साली ती लिलावात निघाली, बोली लागली अवघी १५० रुपयांची! इतकी हलकी किंमत पाहून अधिकाऱ्याने विक्री रद्द केली, म्हणून ती वाचली.

शुश्रूषा झालेली तोफ मांडतानाही चूक होऊ शकते. ती जमिनीवर टेकवू नये, कारण मातीची ओल खालून चढते. तिला गाडा हवा. तो सागवानी असेल तर त्याचीही निगा राखावी लागते. मुखात लाकडी बूच बसवितात, पण आत हवा खेळेल इतकी वाट ठेवून. आणि मुख किंचित खाली झुकलेले असावे. वर उचललेले मुख रुबाबदार दिसते खरे, पण आषाढात तेच पाण्याचे रांजण होते.

अशा तोफेला पुन्हा बत्ती मात्र देऊ नये. सलामी हे चालत्या तोफांचे काम. दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनी पूर्वी इंग्रजी बनावटीच्या २५ पौंडी तोफा सलामी देत असत. २६ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या जागी भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा आल्या. म्हाताऱ्या तोफेने दारापाशी स्वस्थ बसावे, आणि दर पावसाळ्यानंतर कोणीतरी फडके व मेण घेऊन तिच्यापाशी जावे.