मुक्या जनावरांच्या आसऱ्याला काय द्यावे?

गवळ्यांचे नाव लावणाऱ्या आपल्या गौलीगुड्यात जखमी कुत्रे-मांजर दिसले की लोक हळहळतात. पुढे काय करावे हे मात्र उमगत नाही. हैदराबादेत अमला अक्किनेनी यांनी १९९२ साली ब्लू क्रॉस ही संस्था सुरू केली; तिचा प्राण्यांचा आसरा जुबिली हिल्सला आहे. अशा ठिकाणी पैसे तर लागतातच (पावती जरूर घ्यावी), पण घरची रद्दीही कामी येते. वर्तमानपत्रे पिंजऱ्यात अंथरतात. जुन्या चादरी, टॉवेल धुऊन द्यावेत. कापसाची उशी नको, पिल्ले फाडून कापूस गिळतात.

खरी गरज जंतुनाशकाची. पार्व्हो या रोगात पिल्लांना रक्ताचे जुलाब होतात, आणि एकापासून साऱ्यांना लागण होते. त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. साध्या साबणाने तो मरत नाही, ब्लीचने मरतो. तेव्हा बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा ब्लीचची बाटली मोलाची. फिनेल नेऊ नये. मांजरांना ते विषारी असते.

याच रोगाच्या भयाने रस्त्यावरची धडधाकट पिल्ले उचलून आसऱ्यात पोचवू नयेत. आई बहुधा जवळपासच असते, आणि तिच्या दुधानेच त्यांना बळ येते. तिलाच भात घालावा, कांदा-लसूण नसलेला. दाराशी पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, पाणी रोज बदलावे.

जखमी जनावर वेदनेने चावते, हे ध्यानात असू द्यावे. चावलेच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.