योनिकण्डू व श्वेतस्राव : केवळ धावनावर केव्हा थांबू नये?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात श्लैष्मिकी योनिव्यापदाचे वर्णन करताना पिच्छिलता, शैत्य, पाण्डुता व कण्डू यांसोबत अल्पवेदना हेही लक्षण सांगितले आहे. कण्डू आपणा सर्वांच्या स्मरणात राहतो; अल्पवेदना मात्र विस्मरणात जाते. व्यवहारात आम्हांस हाच शब्द अधिक उपयोगी वाटतो. कॅन्डिडा बुरशीच्या संसर्गात कण्डू, दाह व दह्यासारखा, बहुधा गंधरहित स्राव आढळतो. त्याजोडीला ज्वर, ओटीपोटात तीव्र शूल, व्रण, रक्त किंवा दुर्गंधी, पिवळा-हिरवा स्राव असेल, तर निदानाचा पुनर्विचार करावा व रुग्णेस विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तमिश्रित स्राव तर कधीही श्वेतप्रदर म्हणून सोडून देऊ नये. तेथे अर्बुदाची शक्यता वगळणे आवश्यक असते.

आमचीच एक चूक येथे नमूद करतो. चाळिशीतील एक रुग्णा सहा महिन्यांत तीन वेळा याच तक्रारीसाठी आली. पहिल्या दोन्ही वेळी त्रिफळाक्वाथाच्या धावनाने चार-पाच दिवसांत कण्डू शमला व त्या उपशयावर आम्ही समाधान मानले. तिसऱ्या वेळी रक्तशर्करा तपासली; भोजनोत्तर २८६ निघाली. प्रमेहाचे निदान आमच्या हातून सहा महिने लांबले. तेव्हापासून दुसऱ्या खेपेसच रक्तशर्करा तपासण्याचा आमचा परिपाठ आहे. प्रमेही रुग्णेची चालू औषधेही पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या औषधांनी मूत्रावाटे शर्करा बाहेर पडते व हा संसर्ग वाढतो. मात्र ती औषधे परस्पर बंद करू नयेत. मूळ चिकित्सकास कळवावे.

गर्भिणीच्या पाण्डु वा श्वेत स्रावाचा विचार उपप्लुता योनिव्यापदात स्वतंत्रपणे आला आहे. गर्भावस्थेत हा संसर्ग अधिक आढळतो, तरीही योनिधावन करू नये व प्रसूतितज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

स्रावाचा सामू तपासणीपट्टीने पाहणे चिकित्सालयातही शक्य आहे. कॅन्डिडामध्ये तो बहुधा ४.५ पर्यंत असतो. त्याहून अधिक असल्यास जिवाणुजन्य विकार किंवा ट्रायकोमोनास यांचा विचार करून सूक्ष्मदर्शक तपासणी करवावी. प्रथमच लक्षणे उद्भवलेल्या रुग्णेतही हे टाळू नये. चिकित्सेने ७ ते १४ दिवसांत उपशय न मिळाल्यास क्वाथ बदलत बसू नये.

आणखी एक. सासू किंवा पती समोर असता रुग्णा 'अंगावरून पांढरे जाते' एवढेच सांगते. रक्त, वेदना व संबंधांविषयीचे प्रश्न तिला एकांतात, शक्यतो स्त्री-वैद्येने विचारावेत.