मराठीचा ताळा

काल फोनवर वैतागून म्हणालीस, "मावशी, सहावीच्या पोरांना साधा एस लावता येत नाही गं! 'माय फादर गो', 'चिल्ड्रन प्लेज', 'शी डझंट नोज'. चाळीस वह्यांत तेच." मला हसू आलं. 34 वर्षं इंग्रजी शिकवताना मीही हेच रडगाणं गायले. पहिली दहा वर्षं तर पोरांवर राग काढण्यातच गेली. तू तेवढी वर्षं वाया घालवू नकोस म्हणून हे चार कानमंत्र लिहून पाठवते. अर्धे माझ्या गुरुजींचे आहेत, उरलेले ठेचा खाऊन शिकलेले.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. आपल्या पोरांना क्रियापद जुळवता येत नाही, असं अजिबात नाही. बोलायला लागल्यापासून ती तेच करताहेत. मुलगा आला, मुलगी आली, मूल आलं, मुलगे आले, मुली आल्या, मुलं आली. या सगळ्यांसाठी इंग्रजीत एकच 'केम'. शिवाय आपला कर्मणी प्रयोग आहेच. मुलीने आंबा खाल्ला, मुलाने चिंच खाल्ली. इथे क्रियापद खाणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, आंब्याचिंचेच्या तालावर नाचतं. चार वर्षांचं पोर हे सगळं न चुकता बोलतं. त्यापुढे इंग्रजीचं मागणं ते काय? वर्तमानकाळात ही-शी-इटला एस, हॅव-हॅज, आणि बी या धातूची अ‍ॅम-इज-आर, वॉज-वेअर ही रूपं. संपलं. भूतकाळात वॉज-वेअर सोडलं तर काही जुळवायचंच नाही. विल, कॅन, मस्ट यांना तर कर्ता कोण याच्याशी देणंघेणंच नाही. वर्गात पहिल्या दिवशी हे सांग. इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे हे ऐकून पोरांचे चेहरे कसे उजळतात ते बघ.

आता गुरुजींचा मंत्र. मी नोकरीसाठी पहिला अर्ज केला तेव्हा ऐटीत लिहिलं होतं, 'द कॉपीज ऑफ माय सर्टिफिकेट इज अटॅच्ड'. अर्ज टाकायच्या आधी गुरुजींना दाखवला. त्यांनी चूक सांगितली नाही. म्हणाले, "हेच मराठीत म्हण." म्हटलं, "माझ्या प्रमाणपत्राच्या प्रती जोडल्या आहेत." "जोडल्या आहेत काय?" "प्रती." "मग इज कुठून आलं?" सर्टिफिकेट हा शब्द इजला चिकटून बसला होता, म्हणून मी फसले.

यातली मेख अशी आहे की आपण म्हणतो 'आंब्यांची पेटी' आणि इंग्रज म्हणतो 'बॉक्स ऑफ मँगोज'. आपल्याकडे मुख्य नाम शेवटी येतं, क्रियापदाच्या शेजारी. त्यांच्याकडे ते आधी येऊन जातं आणि ऑफच्या मागून आलेलं भलतंच नाम क्रियापदाला खेटून उभं राहतं. पोर शेजाऱ्यालाच मालक समजतं आणि 'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी' लिहून मोकळं होतं. मराठीत 'आंब्यांची पेटी जड आहेत' असं ते झोपेतही म्हणणार नाही. म्हणून वजाबाकी झाल्यावर जसा ताळा करून बघतात, तसा इंग्रजी वाक्याचा मराठीत ताळा करायला शिकव. नावांची यादी, फुलांचा रंग, मुलांचा गोंगाट. मराठीत शेवटी जे नाम येईल, त्याचंच वचन इंग्रजी क्रियापदाला. वाक्य लांबलचक असेल तर आपल्या व्याकरणातली जुनी युक्ती वापर, धातूला 'णारा' लावून 'कोण' विचारायचं. जड असणारं कोण? पेटी. तीच युक्ती, फक्त इंग्रजी वाक्याला विचारायची.

हा ताळा किती दूरवर पुरतो याचं मला अजून नवल वाटतं. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' आणि 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' यात मोठमोठे अडखळतात. मराठीत म्हण. पहिलं 'बरेच विद्यार्थी', दुसरं 'विद्यार्थ्यांची संख्या'. सुटलं कोडं. 'हाफ ऑफ'चं तसंच. तिथे ऑफच्या पुढचं नाम जमेस धरायचं असा वेगळा नियम पुस्तकात दिलेला असतो आणि पोरं गोंधळतात, कारण आत्ताच तर आपण ऑफच्या पुढचं सोडा म्हणालो! पण 'अर्धे आंबे नासले' आणि 'अर्धं दूध नासलं' एवढं म्हटलं की आर आणि इज आपापल्या जागी जाऊन बसतात. मोस्ट ऑफ, सम ऑफ, अ लॉट ऑफ, सगळ्यांना हेच औषध. 'अलाँग विथ'ला सुद्धा. 'पिल्लांसह मांजर पळालं' यात पळणारं मांजरच, पिल्लं कितीही असोत. तिथेही एकवचनच.

पण प्रत्येक ताळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. मराठी कुठे दगा देते ते तुला तोंडपाठ हवं, कारण पुस्तकात ते मिळणार नाही. ती पुस्तकं मराठी घरातल्या पोरासाठी लिहिलेली नसतात. रेन अँड मार्टिनचं व्याकरण कपाटात ठेव, पण पोरांची चूक कुठून येते ते त्यात शोधू नकोस.

सगळ्यात मोठा दगा आपल्या संस्कारांचा. बाबा आले, आजोबा गेले, सर शिकवतात, मॅडम आल्या. आदर म्हटला की आपलं क्रियापद अनेकवचनी होतं. म्हणून 'माय फादर गो टू फार्म'. पोर एस विसरलं असं तुला वाटतं, पण त्याने 'बाबा जातात' लिहिलेलं असतं, 'जातो' नव्हे. एकदा इतिहासावरचा निबंध दिला तर निम्म्या वर्गाने 'शिवाजी महाराज वेअर अ ग्रेट किंग' लिहिलं. मी लाल रेघ मारली तर पुढच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "बाई, वॉज म्हणजे 'होता'. महाराजांना 'होता' कसं म्हणायचं?" काय उत्तर देणार? त्या दिवशी मी पोरांना सांगितलं की इंग्रज आदर क्रियापदात ठेवत नाही. त्यांच्या राजालाही ते 'द किंग इज' म्हणतात. हे आजही चालतं, वापर.

त्याला जोड म्हणून 'यू'ची गंमत सांग. समोर माणूस एक, मग 'यू आर' का, हा प्रश्न कधीतरी येणारच. इंग्रजीतही पूर्वी अरे-तुरे होतं. एकाला 'दाऊ' म्हणत आणि त्याला 'आर्ट' लावत, 'दाऊ आर्ट'. 'यू' हे अनेकांसाठी. मग मोठ्या माणसाला मान द्यायला एकट्यालाही 'यू' म्हणायची रीत पडली, थेट आपल्या 'तुम्ही'सारखी. हळूहळू सगळेच एकमेकांना 'यू' म्हणू लागले आणि सतराव्या शतकात 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून बाजूला पडला. क्वेकर पंथाच्या लोकांनी तेवढा तो धरून ठेवला, कारण देवासमोर सगळे सारखे, मग कुणाला 'तू' आणि कुणाला 'तुम्ही' कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आज इंग्रज आपल्या कुत्र्यालाही 'अहो' म्हणतो! आर हे त्या जुन्या आदरार्थी बहुवचनाचं उरलेलं शेपूट. ही गोष्ट सांगितल्यावर 'यू इज' लिहिणारं पोर मला क्वचितच भेटलं.

दुसरा दगा घरातल्या वस्तूंचा. आपले केस पिकतात, पैसे संपतात, तांदूळ महागतात, बातम्या लागतात. सगळी अनेकवचनं. इंग्रजीत हेअर, मनी, राइस, न्यूज ही चारही एकवचनी, इज लावायचं. न्यूजच्या शेवटी एस दिसतो म्हणून फसायचं नाही. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, विजार एक, आणि त्यांच्याकडे सिझर्स, स्पेक्टॅकल्स, ट्राउझर्स, सगळ्यांना आर. त्यांना त्यात दोन पाती, दोन काचा, दोन पाय दिसतात. एक पोलीस आला तरी आपण 'पोलीस आला' म्हणतो, पण इंग्रजीत पोलीस म्हणजे अख्खं खातं आणि त्याला आर. एकट्यासाठी पोलीसमन. रकमेचंही उलटं आहे. 'पाचशे रुपये जास्त झाले' असं आपण नोटा मोजल्यासारखं बोलतो. इंग्रज रक्कम एकगठ्ठा धरतो, म्हणून 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच'. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लाव आणि असा शब्द सापडेल तेव्हा पोरांनाच त्यावर लिहू दे. आमच्या वर्गात असा कागद सहामाहीपर्यंत भरून जायचा.

तिसरा दगा 'आणि'चा. 'माझी वही आणि पेन हरवलं' हे आपल्याकडे चालून जातं, क्रियापद शेवटच्या पेनाबरोबर जातं. इंग्रजीत दोन वस्तू झाल्या की आर, मध्ये तडजोड नाही. मात्र 'ऑर' आणि 'नायदर-नॉर' असेल तर इंग्रजीही शेवटच्यालाच धरते, म्हणजे तिथे ताळा पुन्हा खरा. 'एक ताट किंवा दोन वाट्या हव्या आहेत' हे वाक्य दे. आणि कुणी हुशार पोर विचारेल की मग 'ब्रेड अँड बटर इज' कसं? त्याला समाहार द्वंद्वाची आठवण करून दे. मीठभाकर, चहापाणी, भाजीपाला. दोन शब्द, पदार्थ एकच. 'चहापाणी झालं', 'झाले' नाही. मराठीच्या तासाला शिकलेलं इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडतं, यासारखं सुख नाही.

आता वाक्याच्या सुरुवातीला येणारं 'देअर'. ते म्हणजे शेतातलं बुजगावणं. पुढे उभं असतं, पण शेत त्याचं नसतं. मालक मागे असतो, त्याला विचारून इज-आर लाव. एवढंच.

आता तुझ्या 'शी डझंट नोज'कडे येते. हे मात्र मराठीमुळे होत नाही. पोराने नियम जरा जास्तच मनावर घेतला, त्यामुळे होतं. मी टोपीची गोष्ट सांगायचे. एस ही टोपी, आणि वाक्यात टोपी एकच. मदतीला 'डू' आला की तो टोपी डोक्यावर घेऊन 'डझ' होतो, मग 'नो' बिचारा बोडकाच. ही टोपी काही जण नामापर्यंत ओढतात. बॉइज प्ले, बॉय प्लेज, एस दोघांपैकी एकाकडेच, असं शिकवतात. मीही शिकवलं आणि पस्तावले. कारण मग पोरं 'चिल्ड्रन प्लेज' आणि 'पीपल सेज' लिहितात. नामाला एस दिसला नाही ना, मग द्या क्रियापदाला! नामाचा एस अनेकवचनाचा, क्रियापदाचा एस एकवचनाचा. दोघांचं नातं नाही, फक्त आडनाव सारखं. क्रियापदाचा तर पूर्वी वेगळाच होता. जुन्या इंग्रजी बायबलात, 1611 च्या, 'ही गोएथ' असंच आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीतला एस दक्षिणेकडे सरकत सरकत सगळीकडे झाला. तेव्हा टोपीची गोष्ट डू-डझपुरतीच ठेव.

आणखी एक कारण तुझ्या लक्षात आलं नसेल. पोरांना तो एस ऐकूच येत नाही. 'आस्क्स' म्हणून बघ, 'लिव्ह्ज' म्हणून बघ. आपण सलग बोलताना शेवटचं अक्षर गिळतो. मीच वर्षानुवर्षं 'ही आस्क' असं वाचून दाखवत असणार आणि वर वहीत एस नाही म्हणून रेघा मारत असणार! निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका मुलीने वाचताना तो एस इतका ठसठशीत उच्चारला की मला माझंच ऐकू आलं. तू आधी आपला उच्चार तपास. 2000 पासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. ही पोरं तुझ्याकडे येतात तेव्हा पाच वर्षांचं ऐकणं गाठीला घेऊन येतात. त्यातलं किती चुकीचं ऐकलेलं, हे आधी ऐकून घे.

क्रिकेटवालं कुणीतरी 'इंडिया आर बॅटिंग' घेऊन येईल. समालोचक तसं म्हणतात, ती ब्रिटिश रीत. संघ म्हणजे अकरा माणसं, म्हणून आर. अमेरिकन माणूस संघाला एक धरून इज लावतो. दोन्ही बरोबर, पण एका उत्तरात दोन्ही नकोत. परीक्षेत इज लिहा म्हणावं, तपासणाऱ्याशी वाद घालायला पोरं तिथे नसतात.

आता वह्या. चाळीस वह्यांतल्या सगळ्या चुका एका रात्रीत शोधू नकोस, डोळे जातील. मी शेवटी शेवटी फक्त दोन रेघा मारायचे, एक कर्त्याखाली, एक क्रियापदाखाली, मधलं काही नाही. बरोबर लिहू नकोस, वही परत दे. 'द बॉक्स'खाली रेघ आणि 'आर'खाली रेघ दिसली की पोर मनातल्या मनात 'पेटी आहेत?' म्हणतं आणि खोडरबर मागायला शेजाऱ्याकडे वळतं. तेवढ्यासाठी लाल पेन बाजूला ठेव, शिसपेन्सिल वापर.