जुनी रेसर घेण्याआधी घाटाचा हिशेब करा

मुंबईत, ठाण्यात किंवा नाशिकला एखादी जुनी गिअरची रेसर स्वस्तात मिळते आहे, ती आणून जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर चालवावी, असं वाटणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे. विकणारा जो आकडा सांगतो तो फक्त सांगाड्याचा असतो. सायकलची खरी किंमत कळायची तर ती तुमच्या चढावर, तुमच्या पावसात आणि तुमच्या गावाजवळच्या मिस्त्रीच्या हाताखाली चालती ठेवायला किती लागेल, याचा हिशेब मांडावा लागतो. पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यावर हे दोन आकडे जवळजवळ असू शकतात. साखरशेतसारख्या गावातून जव्हार गाठायचं असेल, किंवा मोखाड्यावरून तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वरला जायचं असेल, तर त्यांच्यात मोठं अंतर पडतं. अनुभवाने मला पटलेली ही गोष्ट आहे आणि तिची कारणं मोजून दाखवता येतात.

पहिलं कारण गिअर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रेसर शर्यतीसाठी घडवलेल्या असत. त्यांच्या पुढच्या दोन चकत्या बहुधा ५२ आणि ४२ दात्यांच्या, आणि मागच्या फ्रीव्हीलची सर्वांत मोठी चकती २४ किंवा २८ दात्यांची. ४२ आणि २८ ही त्यातली हलक्यात हलकी जोडी धरली, तरी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी अकरा किलोमीटरच्या वर जातो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा, आणि शंभर मीटरला आठ मीटर असा चढ धरा. नुसतं वर चढायलाच सुमारे दोनशे वॉट लागतात. सराव नसलेला निरोगी माणूस बराच वेळ शंभर-दीडशे वॉटच देऊ शकतो. म्हणजे गुडघ्यावर जोर देत, पायडल जेमतेम ढकलत चढायचं, नाहीतर उतरून चालायचं. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असले तर तेवढ्याच फेऱ्यांत काम १४० वॉटवर येतं. पण जुन्या क्रँकवर बोल्टांचं वर्तुळच मोठं असतं. १४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर ४१ दात्यांपेक्षा लहान चकती बसत नाही. मग क्रँक बदलायचा, त्याबरोबर बहुधा बीबी, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा आसही, आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर मोठं फ्रीव्हील पेलत नसेल तर तोही.

दुसरं कारण पाऊस. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुष्कळ जुन्या सायकलींवर चकाकणाऱ्या क्रोमच्या स्टीलच्या रिम असतात. त्या ओल्या झाल्या की गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि ब्रेकच्या रबरी गट्टूंची पकड फार थोडी उरते. चढताना दम लागला तर थांबता येतं. विक्रमगडकडे उतरताना वळणावर ब्रेक लागला नाही तर थांबायला जागा नसते. म्हणून स्टीलच्या रिमची सायकल पावसाळ्यात घाटात उतरवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. रिम ॲल्युमिनियमची हवी, गट्टू नवे हवेत, केबल नवी हवी. या बाबतीत तडजोड नको.

तिसरं कारण मापं, आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते. जुन्या रेसरला पुष्कळदा २७ × १¼ चा टायर असतो, त्याचा बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर. आपल्या काळ्या उभ्या सायकलीचा २८ × १½ चा टायर ६३५ चा. आजच्या रोड सायकलीचा ७००सी टायर ६२२ चा. नजरेला तिन्ही सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या साध्या सायकलींची ट्यूब, चेन, छर्रे बाजारपेठेच्या गावातला मिस्त्री सहज देतो. २७ इंचांचा टायर तो कुठून देणार? चाकं बदलून ७००सी लावता येतात, पण मग ब्रेकचे गट्टू चार मिलिमीटर खाली यावे लागतात. तेवढी खाच ब्रेकला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावं.

यावर लोक म्हणतात, जुनं लोखंड दणकट, मोडलं तर गावात वेल्डिंग करून घेऊ. जुना स्टीलचा सांगाडा चांगला असतो, हे खरं. इंग्लंडमध्ये १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांच्या सायकली आजही धावतात. पण त्या हलक्या आहेत त्या नळ्यांची भिंत एक मिलिमीटरहून पातळ असल्यामुळे. फाटकं जोडणाऱ्या आर्क वेल्डिंगने ती जळते. सुटे भाग घरपोच मागवता येतात, हेही खरं, पण मागवताना बीबीचे आटे इंग्रजी की इटालियन, मागच्या चाकाची जागा १२० मिलिमीटर की १२६, हे ठाऊक असावं लागतं. आणि जुन्या वस्तूची माया? ती मलाही आहे. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं संग्रहालय उभारलं, ते मला मोलाचं वाटतं. मात्र जपायची सायकल आणि रोज घाटात न्यायची सायकल यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

तरीही घ्यायचीच असेल तर दिवसाउजेडी पाहा. हँडलखालच्या नळीच्या मागे रंगाला तडे किंवा पत्र्याला सुरकुती असेल, तर सायकल समोरून आदळलेली आहे. तिथेच नाही म्हणा. मागच्या चाकाच्या खाचेपासून दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आलं पाहिजे. सीटचा दांडा आणि हँडलचा खुंट हलवून पाहा. ॲल्युमिनियम स्टीलमध्ये गंजून धरलं असेल तर ते काढताना सांगाडाच जाऊ शकतो. चेनचे चोवीस सांधे बारा इंचांत बसले पाहिजेत. अष्टमांश इंच जास्त भरले तर चेनबरोबर फ्रीव्हीलही झिजलेलं समजा. आणि सायकल तुमच्या उंचीची नसेल तर बाकीचं काही तपासूच नका.

मग कागदावर बेरीज मांडा: मागितलेली किंमत, टायर-ट्यूब, गट्टू, केबल, चेन, फ्रीव्हील, लागल्यास क्रँक आणि चाकं, वर मजुरी आणि नाशिक-पालघरच्या खेपा. सांगाडा सरळ, रिम ॲल्युमिनियमच्या, चढाचे गिअर शक्य आणि ही बेरीज हलक्या गिअरच्या साध्या नव्या सायकलीच्या निम्म्यात बसत असेल, तर जुनी रेसर आनंदाने घ्या, ती वर्षानुवर्षं साथ देईल. यातलं एखादंही जमत नसेल तर ती सपाट रस्त्यावरच्या माणसाला मिळू द्या, आणि तुमचे पैसे घाट चढवणाऱ्या, पावसात थांबवणाऱ्या सायकलीसाठी राखून ठेवा.